कोडें कोणाचें?

मनुष्य दोन प्रकारचीं चिन्हें वागवितो. एक तो स्वतः होऊन धारण करतो. दुसरें त्याच्यावर उमटविलें जातें. वारकऱ्याच्या गळ्यांतील तुळशीची माळ हें पहिल्याचें उदाहरण, आणि जनावराच्या पाठीवर तापल्या लोखंडानें दिलेला डाग हें दुसऱ्याचें. ओळख पटविणें हा हेतु दोहोंचाही. पण माळेवरून धारण करणाराचें मन कळतें, आणि डागावरून मालकाचें नांव कळतें. एवढ्यावर भागलें असतें तर नीतिशास्त्राचें काम फारच सोपें झालें असतें. परंतु चिन्हांचा तिसराही एक प्रकार आहे. दुसऱ्यानें उमटविलेलें, पण द्वेषानें किंवा स्वामित्वाच्या बुद्धीनें नव्हे, तर मायेनें उमटविलेलें, असें तें चिन्ह असतें. त्यास माळ म्हणावें कीं डाग म्हणावें, हा आजच्या लेखाचा प्रश्न आहे.

निमित्त आहे तें दरवर्षीं २ एप्रिल रोजीं येणाऱ्या एका जागतिक दिवसाचें. संयुक्त राष्ट्रांच्या आमसभेनें डिसेंबर २००७ मध्यें ठराव करून हा दिवस ऑटिझमची जाणीव लोकांत व्हावी म्हणून नेमून दिला. मराठींत आपण ऑटिझमला 'स्वमग्नता' म्हणतों. ही कोणत्याही दिवशीं जडलेली व्याधि नव्हे. ती मेंदूची जन्मापासूनचीच निराळी वाढ होय. कोणास वाचा उशिरां फुटते, कोणास मुळींच फुटत नाहीं. समोरच्याच्या डोळ्यांस डोळा भिडविणें जड जातें. नेहमींचा क्रम मोडला कीं जीव कासावीस होतो. आपणांस ऐकूंही न येणारा आवाज त्यांस असह्य होतो. आणि एखाद्या विषयांत चित्त असें रमतें कीं तेथून तें हलूं म्हणत नाहीं. यांतील एखादा मनुष्य विद्यापीठांत शिकवितो, तर दुसऱ्यास घांस भरविण्यासाठींही जन्मभर कोणाची सोबत लागते. इतक्या निरनिराळ्या माणसांना मिळून एक चिन्ह मात्र जगभर प्रचलित झालें. तें म्हणजे कोड्याचा तुकडा. तुकडे जुळवून चित्र पुरें करण्याचा जो खेळ मुलें खेळतात, त्यांतलाच हा एक सुटा तुकडा.

या तुकड्याचा जन्म १९६३ मध्यें लंडनला झाला. तत्पूर्वी एकच वर्ष तेथील कांहीं आईबापांनीं आपल्या मुलांसाठीं एक संस्था काढली होती. तिच्या कार्यकारिणींतील जेराल्ड गॅसन या पालकानें हें चिन्ह सुचविलें. मूळच्या चित्रांत तुकड्याच्या आंत एक रडणारें मूलही होतें. मूल उमगत नाहीं म्हणून कोडें, आणि तें दुःखांत आहे म्हणून अश्रू, असा त्याचा सरळ अर्थ. पुढें १९९९ मध्यें अमेरिकेंत रंगीबेरंगी तुकड्यांची फीत निघाली. २००५ मध्यें स्थापन झालेल्या तेथील एका मोठ्या संस्थेनें निळा तुकडा घेतला, आणि २०१० पासून २ एप्रिलला मोठमोठ्या इमारती निळ्या दिव्यांनीं उजळण्याचा प्रघात तिनेंच पाडला.

ज्यांच्यासाठीं हें सर्व चाललें होतें तीं मुलें दरम्यान मोठीं झालीं. त्यांतील पुष्कळ जण बोलूं लागले, लिहूं लागले. आणि त्यांनीं जें सांगितलें तें ऐकून चिन्ह काढणारांस आश्चर्य वाटलें असेल. ते म्हणाले, आम्ही कोडें नाहीं. कोडें सुटावें म्हणून असतें; आम्हांस कोणी सोडवावें अशी आमची मागणी नाहीं. सुटा तुकडा पाहिला कीं कांहीं तरी हरवलें आहे असें वाटतें; आमच्यांत तर कांहीं हरवलेलें नाहीं. शिवाय तें खेळणें लहान मुलांचें. आम्हांस तर मिशा फुटल्या, केस पांढरे झाले, तरी आमची खूण बालवर्गांतलीच कां? हा केवळ हळवेपणा नव्हे. २०१७ च्या सुमारास अमेरिकेंतील संशोधकांनीं सामान्य लोकांवर प्रयोग करून पाहिले, तेव्हां या तुकड्यानें त्यांच्या मनांत अपुरेपणा, दोष, अडचण अशाच कल्पना जाग्या होतात असें आढळून आलें. २०१८ मध्यें या विषयाच्या एका मान्यवर नियतकालिकानें आपल्या मुखपृष्ठावरून तो तुकडा काढून टाकला. लंडनच्या त्या मूळ संस्थेनेंही तो सोडून दिला आहे.

येथें आईबापांची बाजू न ऐकतां निकाल देणें अन्यायाचें होईल. १९४३ मध्यें लिओ कॅनर या डॉक्टरानें अमेरिकेंतील अकरा मुलांचें वर्णन करून या अवस्थेस वैद्यकांत स्थान दिलें. त्यानंतर सुमारें दोन तपें पाश्चात्य पंडितांचें मत असें होतें कीं, आईच्या थंडपणामुळें मूल असें होतें. कल्पना करा, ज्या आईनें रात्र रात्र जागून काढली तिलाच विद्वानांनीं गुन्हेगार ठरवावें! अशा काळांत ज्या आईबापांनीं एकत्र येऊन शाळा काढल्या, पैसा जमविला, सरकारच्या दारीं खेटे घातले, त्यांनीं आपल्या मनांतील गोंधळाचें चित्र काढलें तर त्यांस दोष कोणत्या तोंडानें द्यावा? कोड्याचा तुकडा खोटा नव्हता. तो अगदीं खरा होता. फक्त तो मुलाचें चित्र नव्हता. तो बापाच्या मनाचें चित्र होता. कोडें बापास पडलें होतें, आणि तें छापलें गेलें मुलाच्या नांवावर.

प्रेमानें दिलेल्या खुणेचा हा पेंच आपल्या महाराष्ट्रास नवा नाहीं. याची एक आठवण आमच्या मुलुखाशींच जोडलेली आहे. १९०१ च्या सुमारास सातारा रोडजवळच्या पाडळी स्टेशनावरून चार मुलें आगगाडींत बसलीं आणि कोरेगांव, रहिमतपूर मागें टाकून मसूरला उतरलीं. कपडे नीटनेटके, बोलणें सुसंस्कृत. स्टेशनमास्तर आपुलकीनें चौकशी करूं लागला. मुलांनीं जात सांगितली आणि त्याचा चेहरा पालटला. त्या चौघांत भीमराव आंबेडकर होते, आणि हा प्रसंग त्यांनीं स्वतःच पुढें लिहून ठेवला आहे. मूल तेंच, कपडे तेच. मधें फक्त एक शब्द आला होता. पुढें त्याच समाजाला 'हरिजन' हें नांव मिळालें. देणाराच्या हेतूविषयीं शंका घेण्याचें कारण नाहीं. देवाचीं माणसें याहून थोर पदवी कोणती? तरीही जानेवारी १९३८ मध्यें मुंबईच्या विधिमंडळांत एका विधेयकांत तो शब्द घालण्याचें ठरलें, तेव्हां भाऊराव गायकवाडांनीं तो काढून टाकण्याची सूचना आणली, आणि ती फेटाळली जातांच आंबेडकर आपल्या पक्षासह सभागृहाबाहेर पडले. नांव गोड कीं कडू, हा त्यांचा मुख्य मुद्दा नव्हता. ज्यांस तें लागावयाचें त्यांस तें नको असतां तें त्यांच्यावर लादूं नये, हा होता.

अस्पृश्यतेचा अन्याय आणि ऑटिझमचा प्रश्न एकाच तागडींत घालणें मला योग्य वाटत नाहीं. एक मनुष्यांनीं निर्माण केलेला जुलूम आहे, दुसरी निसर्गाची एक घडण. परंतु नांव देण्याच्या अधिकाराचा प्रश्न दोहोंकडे एकच आहे. आणि देवत्वाचा तोच मोह आपणांस अद्यापि सुटलेला नाहीं. डिसेंबर २०१५ मध्यें पंतप्रधानांनीं 'विकलांग' याच्या जागीं 'दिव्यांग' हा शब्द सुचविला. पुढें तो सरकारी खात्यांच्या पाट्यांवरही चढला. अपंगांच्या अनेक संघटनांनीं त्यास विरोध केला. त्यांचें म्हणणें थोडक्यांत असें कीं, आम्हांस दिव्यत्व नको, जिन्याशेजारीं उतरण पाहिजे. एकीकडे माणसाला कोडें करावयाचें, दुसरीकडे देव करावयाचा. दोन्ही वाटांनीं तो माणूस म्हणून समोर येण्याचें टळतेंच.

मग ऑटिझम असलेल्यांनीं स्वतःसाठीं कोणतें चिन्ह निवडलें? गणितांतील अनंताचें. आडवा पडलेला आठाचा आंकडा दिसतो तसें हें चिन्ह जॉन वॉलिस या इंग्रज गणितज्ञानें १६५५ मध्यें प्रथम योजलें. त्याला सुरुवात नाहीं, शेवट नाहीं, आणि मुख्य म्हणजे त्यांत गहाळ झालेला तुकडा नाहीं. इंद्रधनुष्याच्या रंगांतील अनंत हें मनोरचनेच्या सर्वच विविधतेचें, आणि सोनेरी अनंत हें विशेषेंकरून ऑटिझमचें, असा संकेत रूढ होत आहे. सोनेरी कां, तर रसायनशास्त्रांत सोन्याची खूण जीं दोन अक्षरें, तींच ऑटिझम या इंग्रजी शब्दाचीं पहिलीं दोन अक्षरें. या युक्तींत जो खट्याळपणा आहे तोच मला महत्त्वाचा वाटतो. करुणेनें काढलेल्या चित्रांत विनोद कधींच नसतो. २००५ पासून १८ जून हा दिवस ते अभिमानदिन म्हणून पाळूं लागले.

तथापि एवढ्यानें वाद मिटला असें मानूं नये. ऑटिझम असलेल्या कांहींना तो जुना तुकडाच आवडतो. लहानपणापासून पाहिलेला म्हणून, किंवा जगच आपणांस कोडें वाटतें म्हणून. कांहींना कोणतेंच चिन्ह नको. आणि ज्यांस वाचाच नाहीं त्यांचें मत कोण सांगणार? तेथें पालक म्हणतात, बोलणाऱ्या थोड्यांनीं न बोलणाऱ्या माझ्या मुलाच्या वतीनें कां बोलावें? हा आक्षेप खरा आहे. पण तो जितका त्या थोड्यांस लागू आहे तितकाच पालकांसही लागू आहे. शिवाय वाचा नाहीं म्हणजे मत नाहीं असें नव्हे. जें मूल निळ्या दिव्यांच्या झगमगाटांत कानांवर हात घेऊन कोपऱ्यांत जातें, त्यानें आपलें मत दिलेंच आहे. तें मोजावयाचें कीं नाहीं एवढाच प्रश्न उरतो. अपंगांच्या हक्कांचा जो आंतरराष्ट्रीय करार भारतानें २००७ मध्यें मान्य केला, त्यांतही अपंगांविषयींचे निर्णय त्यांच्याशीं विचारविनिमय करून घ्यावेत असें बंधन आहे. आपल्या देशाच्या २०१६ च्या कायद्यानें ऑटिझमचा समावेश अपंगत्वाच्या यादींत स्पष्टपणें केला आहे.

राहतां राहिला आपला मराठी शब्द. स्विस मनोवैद्य ब्लॉयलर यानें १९११ च्या सुमारास ग्रीक भाषेंतील 'स्वतः' या अर्थाच्या शब्दावरून ऑटिझम हें नांव घडविलें, आणि 'स्वमग्न' हें त्याचें प्रामाणिक भाषांतर होय. परंतु शब्द हेंही चिन्हच. मराठी माणूस भजनांत मग्न होतो, कामांत मग्न होतो. म्हणून 'स्वमग्न' ऐकतांच आपणांस वाटतें कीं, हा आपल्यांतच सुखानें बुडाला आहे, त्यास आपली गरज नाहीं. ऑटिझम असलेले लेखक नेमकें उलट सांगतात. जग त्यांच्यापाशीं पोहोंचत नाहीं असें नव्हे. तें फार पोहोंचतें, सर्व बाजूंनीं एकदम पोहोंचतें. डेमियन मिल्टन या इंग्रज अभ्यासकानें, जो स्वतः ऑटिझम असलेला आहे, २०१२ मध्यें असें मांडलें कीं, न समजणें हें दुहेरी असतें: त्याला आपण कळत नाहीं हें जितकें खरें, तितकेंच आपणांस तो कळत नाहीं हेंही खरें. मग उणीव एकाच्याच पदरीं कां घालावी?

रहिमतपुरासारख्या गांवांत कोणास चिन्हाची किंवा शास्त्रीय नांवाची गरज भासत नाहीं असें कोणी म्हणेल. पण तेथेंही नांवें आहेतच. हांक मारल्यावर वळून न पाहणाऱ्या मुलास कोणी 'वेडा' म्हणतो, कोणी 'बहिरा' म्हणतो, आणि सहृदय मनुष्य असला तर 'देवाचें लेंकरूं' म्हणतो. या तिघांत शेवटचा अर्थातच चांगला. पण त्या मुलास गाड्यांचें वेळापत्रक तोंडपाठ आहे, आणि कोणी तें विचारलें तर त्याच्या चेहऱ्यावर काय उमटतें, हें त्यालाही ठाऊक नसतें. कारण नांव मिळालें कीं आपलें विचारणें संपतें, आणि चिन्ह मिळालें कीं पाहणें संपतें.

म्हणून २ एप्रिलला शाळांतून चित्रें काढावयाची असतील तर अवश्य काढावीं. पण वर्गांत असें मूल असेल तर आधीं कागद आणि रंग त्याच्या हातीं द्यावे, आणि तें जें काढील, किंवा कांहींच काढणार नाहीं, तें भिंतीवर लावावें. आईबापांस आपल्या व्यथेचें चित्र हवें असेल तर तेंही खुशाल काढावें. ती व्यथा खोटी नाहीं. मात्र त्याखालीं सही स्वतःची करावी. कोडें ज्यास पडलें असेल त्यानें तें आपल्या गळ्यांत घालावें, मुलाच्या नव्हे.