सातव्या दिवसाचा हिशेब

रोमन लेखकांनी ज्यूंच्या धर्मविचारापेक्षा त्यांच्या नित्याच्या आचारावर अधिक लिहिले: सातव्या दिवशी काम न करणे, डुकराचे मांस वर्ज्य मानणे, सुंता. आचार डोळ्यांना दिसतो. त्याचा अर्थ विचारावा लागतो. न विचारता निर्णय देणे हा केवळ ज्ञानाचा दोष आहे की नैतिकही, हा खरा प्रश्न आहे.

टॅसिटसच्या 'हिस्टरीज'च्या पाचव्या खंडात ज्यूंच्या सातव्या वर्षाच्या विश्रांतीचे कारण आळसाच्या गोडीत शोधलेले आढळते. सेनेकाचा मूळ ग्रंथ उपलब्ध नाही. ऑगस्टीनने दिलेल्या उताऱ्यांनुसार त्याने तर हिशेबच मांडला, की आयुष्याचा सातवा भाग वाया जातो. पण तोच सेनेका पुढे मान्य करतो, की ज्यूंना आपल्या विधींची कारणे ठाऊक आहेत. बहुतेक लोक मात्र कारण न जाणताच आचरण करतात. (हे 'लोक' कोण, याविषयी मतभेद संभवतो.) कारण आहे हे कळूनही त्याने ते विचारलेले दिसत नाही. या उलट प्लूटार्कच्या भोजनप्रसंगीच्या संवादांत डुकराचे मांस आदरापोटी टाळले जाते की किळसेपोटी, अशी चर्चा रंगते. तिथली उत्तरे बव्हंशी चुकीची आहेत. तरीही मला प्लूटार्क अधिक न्यायी वाटतो. त्या आचाराला काही कारण असेल, हे तो गृहीत धरतो.

कोकणातील तेलघाणे चालवणाऱ्या बेने इस्राएलांना शेजाऱ्यांनी 'शनवार तेली' म्हटले. विश्रांती तीच, पण त्या नावात नोंद आहे, हिशेब नाही.

ज्युव्हेनलचे प्रकरण अधिक बिकट आहे. चौदाव्या उपरोधिकेत बाप शब्बाथ पाळतो, म्हणून मुलगा सुंता करून मोशेचा कायदा स्वीकारतो. येथे लक्ष्य ज्यू नसून रोमन कुटुंब आहे, आणि बोलणारा कवी नसून त्याने रचलेला निवेदक आहे, असा बचाव आपल्या समीक्षेला सहज सुचतो. तो अपुरा आहे. उपरोध पोचण्यासाठी सातवा दिवस म्हणजे आळस, हे समीकरण श्रोत्याने आधीच मान्य केलेले असावे लागते. निवेदक कोणीही असो, श्रोत्याच्या त्या संमतीला कवीने कोठेही धक्का लावलेला नाही.