डोंगरावरची रात्र

म्हैसूरच्या नजरबादेतून चामुंडीचा डोंगर दिसतो. अंधार पडला की त्याच्या अंगावर दिव्यांची मोठी कन्नड अक्षरं उजळतात : 'सुस्वागत'. मला त्यात नेहमी थोडी थट्टा दिसते. हे स्वागत उजळतं, तेव्हा वर गेलेले बहुतेक पाहुणे खाली उतरायच्या घाईत असतात.

म्हैसूरचा प्रवासी झोपतो खाली, आमच्या बाजूच्या लॉजांत. सकाळी नजरबादच्या मैलारी हॉटेलात लोणी घातलेला मऊ डोसा खातो, बस किंवा रिक्षा धरून वर जातो. रांग, दर्शन, महिषासुराच्या रंगीत पुतळ्यापुढे फोटो, उतरताना नंदी, आणि बाराच्या आत राजवाडा. जुने लोक पायथ्याच्या पांजरपोळापासून हजारभर पायऱ्या चढून जात. सतराव्या शतकात दोड्ड देवराज वडेयरांनी त्या बांधून घेतल्या, एका अखंड शिळेतला तो काळा नंदीही त्यांच्याच काळातला. आजही आषाढी शुक्रवारी बायका प्रत्येक पायरीला हळद-कुंकू लावत चढतात. आषाढात आपल्याकडे तोंडं पंढरीकडे वळतात, इथे या डोंगराकडे. एकेका पायरीपाशी वाकायचं, बोट टेकवायचं, सरळ व्हायचं, की पुढची पायरी. अशी चढणारी बाई डोंगर उरकत नाही. पण तीही संध्याकाळी घरी परतते. वर गाव आहे, घरं आहेत, देवस्थानाचं अन्नदान आहे. मुक्कामाची रीत मात्र आता फारशी उरलेली नाही.

जपानात ही रीत अजून जिवंत आहे. तिथे देवळा-मठांच्या जोडीला शुकुबो असतात, म्हणजे यात्रेकरूंनी उतरायची घरं. कोयासानच्या बौद्ध मठांतले शुकुबो जगभर गाजले, तिथलं शाकाहारी जेवण आणि पहाटेची उपासना यांवर भरपूर लिहिलं गेलंय. मला जास्त जवळचं वाटतं ते मिताके डोंगरावरचं शिंतो देवस्थान. ९२९ मीटर उंची, तोक्योच्याच हद्दीत, आणि माथ्यावर पुजाऱ्यांची वस्ती. या पुजारी घराण्यांना ओशी म्हणतात. काहींच्या घरांवर जुनं गवती छप्परही आहे. घर त्यांचंच, त्यात देवाची खोली, आणि उरलेल्या खोल्या पाहुण्यांसाठी. चटईवर गादी, डोंगरातल्या रानभाज्यांचं जेवण. कोयासानसारखा मांसाचा निषेध इथे नाही, आणि मद्याचाही नाही. देवाला वाहिलेली तांदळाची साके पूजेनंतर भक्तांनीच प्यायची, असा शिंतोचा रिवाज. काही घरांत तर आदल्या रात्री ताट मांडणारा यजमानच सकाळी पुजाऱ्याच्या वेषात देवापुढे बसतो.

मिताकेच्या देवस्थानात लांडग्यालाही देवत्व आहे. त्याचं काळं चित्र छापलेला कागदी ताईत शेतकरी दाराला लावत, चोर आणि आग दूर राहावी म्हणून. हे ताईत घेऊन ओशी गावोगाव फिरत, दक्षिणा आणि धान्य गोळा करत. गावकऱ्यांची मंडळं असत. आपल्या भिशीसारखे सगळे थोडे थोडे पैसे टाकत आणि दरवर्षी पाळीपाळीने काही जणांना सगळ्यांच्या वतीने डोंगरावर धाडत. ते उतरायचे ठरलेल्या ओशीच्या घरी. बाप जिथे उतरला तिथेच मुलगा, तिथेच नातू. १८७१ मध्ये मेइजी सरकारने ओशींची व्यवस्था मोडीत काढली. मिताकेवरची घराणी तरीही टिकली, देवळाची सेवा आणि पाहुण्यांचा पाहुणचार दोन्ही सांभाळत. पुढे डोंगरावर केबल कार आली. आता सकाळी जाऊन दुपारी परतणं सहज जमतं. मुक्काम तरीही बंद पडला नाही.

मिताकेच्या या घरांबद्दल वाचताना मला तर थेट त्र्यंबकेश्वर आठवतं. ब्रह्मगिरीच्या पायथ्याशी नारायण नागबलीचा विधी तीन दिवस चालतो, म्हणून घरदार घेऊन आलेलं कुटुंब तिथे मुक्कामाला राहतं, पूर्वी तर सर्रास उपाध्यायांच्या वाड्यातच. त्यांच्याकडे वह्या असतात. आडनाव आणि गाव सांगितलं की गुरुजी वही काढतात, पानं उलटतात, आणि तुमचे पणजोबा कधी आले होते, बरोबर कोण होतं, ते वाचून दाखवतात. खाली पणजोबांची सही, मोडीत. शहरात वाढलेल्या माणसाला आपल्या घराण्याची अशी गाठ दुसरीकडे कुठे पडणार? तुळजापुरालाही तेच. 'आमचे पुजारी' असं म्हणणारी घरं आजही आहेत, भवानीच्या दर्शनाला गेलं की ती त्यांच्याकडेच उतरतात.

या व्यवस्थेचं मी सरसकट गुणगान करणार नाही. दक्षिणेसाठी ओढाताण होती, यजमान पळवण्यावरून उपाध्यायांत भांडणं होती, आणि ओसरीवर कुणी बसायचं, कुणी अंगणाबाहेर थांबायचं हे जात ठरवत होती. ज्यांना त्या वाड्यांत पायच ठेवता आला नाही, त्यांच्या वंशजांना वहीतल्या सहीचं कौतुक कसं सांगायचं?

त्याला एक उत्तर दक्षिणेत मराठ्यांनीच दिलं होतं, आणि महाराष्ट्रात ते फारसं कुणाला ठाऊक नाही. तंजावरच्या भोसले राजांनी रामेश्वराच्या वाटेवर छत्रं बांधली. इकडे कन्नडमध्येही धर्मशाळेला छत्रच म्हणतात. दुसऱ्या सरफोजींनी ओरत्तनाडला 'मुक्तांबाळ छत्र' उभारलं. १८०१ मध्ये त्यांनी इंग्रज रेसिडेंटला पत्र लिहिलं, की छत्रांना लावून दिलेलं उत्पन्न तोडू नका, आमच्या घराण्याची अब्रू त्यात आहे. छत्रांत काय चालतं तेही त्यांनी कळवलं. ब्राह्मणापासून परयापर्यंत सर्व जातींच्या वाटसरूंना भात. आजाऱ्याला औषध. लहान मुलांना दूध. वाटेत बाळंत होणाऱ्या बाईची सगळी व्यवस्था. आणि मध्यरात्री घंटा : अजून कुणी उपाशी राहिलं असेल तर त्याने यावं, शिजलेलं आहे ते घ्यावं.

ती घंटा मला फार मोठी गोष्ट वाटते. उशिरा आलेला, चुकलेला, संकोचाने मागे राहिलेला माणूस कुठेतरी असणारच, हे धरून ती वाजवली जात होती. उपाध्यायांच्या वाड्यात ओळख होती पण दार सगळ्यांना उघडं नव्हतं. छत्राचं दार उघडं होतं, तिथे ओळख कुणी विचारत नव्हतं.

आजचं भक्तनिवास या दोन्हींपेक्षा स्वच्छ आहे. दरपत्रक भिंतीवर, जात विचारणार नाही, गरम पाणी ठरलेल्या वेळी. हे सुधारणेचंच पाऊल आहे, कुरकुर करू नये. फक्त तिथे यजमान नाही. आधार कार्ड दाखवायचं, किल्ली घ्यायची, अकराला खोली सोडायची. व्यवस्थापक वाईट असतो असं नाही, पण रोज एवढी माणसं येतात-जातात की त्याने कुणाकडे मान वर करून बघायचं?

आणि तरीही, खोलीला यजमान नसला तरी रात्र असतेच. वणीच्या सप्तशृंगीला २०१८ पासून फ्युनिक्युलर ट्रॉली आहे, पायऱ्यांची धाप वाचली. वृद्धांची मोठी सोय झाली. पण चैत्रोत्सवात गडाच्या सुळक्यावर कीर्तिध्वज चढतो तो रात्री. दरेगावच्या गवळी घराण्याकडे त्याचा मान आहे. धड वाट नसलेल्या कड्यावरून अंधारात ध्वज वर जातो. खानदेशातून उन्हातान्हात चालत आलेले लोक त्यासाठी गडावर थांबतात. शेवटची गाडी धरून उतरलेल्याला ही गोष्ट दुसऱ्या दिवशी फक्त फोनवर बघायला मिळते.

ध्वजाच्या रात्रीइतकं मोठं नसलं, तरी डोंगरावरच्या रोजच्या रात्रीतही उतरून गेलेल्याला न दिसणारं काही घडतं. भाविक गेले की दुकानदार फुलांच्या टोपल्या झाकतात, पुजारी घरी जेवायला जातात, माकडं कठड्यावर येऊन बसतात. देवस्थान तेव्हा एक गाव होतं, आणि आपण त्या गावातले पाहुणे. दिवसा आपण रांगेतले असतो. रात्री शेजारच्या खोलीतल्या जळगावच्या आजींना पाण्याची बाटली आणून देणारे असतो, आणि सकाळच्या काकड्याला त्याच आजी आपलं दार ठोठावतात.

मिताकेला जायला विमान लागतं, ते सगळ्यांना परवडणारं नाही. भीमाशंकर, सप्तशृंगी, त्र्यंबक आपल्या एस.टी.च्या टप्प्यात आहेत. पुढच्या खेपेला सकाळी जाऊन संध्याकाळी परतायचा बेत करू नका. एक रात्र राहा. चादर आणून देणाऱ्याला त्याचं गाव विचारा, आणि तुमचंही सांगा.