पुण्य यजमानाचे की गाणारीचे?

यज्ञात मंत्र म्हणतात ऋत्विज म्हणजे पुरोहित, आहुती टाकतात ऋत्विज, धुराने डोळे लाल होतात तेही त्यांचेच. स्वर्ग मात्र यज्ञ करवणाऱ्या यजमानाला. जैमिनींच्या मीमांसासूत्रांत या प्रश्नाचा रीतसर खल झाला आहे आणि निकालही लागला आहे: ऋत्विजांना यजमानाने दक्षिणा ठरवून कामाला लावलेले असते. दक्षिणा पदरात पडली की त्यांचा हिशेब मिटला. कर्माचे फळ यजमानाचे. घर गवंडी बांधतो, राहतो मालक, तसेच हे. पण देवळातल्या गाण्यालाही हाच न्याय लावायचा का? ते तपासायला गोव्यातल्या फोंड्याकडे वळावे.

सोळाव्या शतकात पोर्तुगिजांनी सासष्टी आणि बारदेशातली देवळे पाडली, तेव्हा भक्तांनी देव उचलून नदीपलीकडे फोंड्यात नेले. कुशस्थळीचा मंगेश 1560 मध्ये प्रियोळला आला, केळशीची शांतादुर्गा कवळ्याला, वेर्ण्याची म्हाळसा म्हार्दोळला. पळून आलेले हे देव पुढे चांगलेच श्रीमंत झाले. कवळ्याचे आजचे देऊळ 1738 मधले, शाहू छत्रपतींचे मंत्री नारोराम यांच्या खटपटीतून उभे राहिलेले. दुसऱ्याच वर्षी पेशव्यांनी मंगेशी गाव मंगेशाला इनाम दिला. तळी, अग्रशाळा, अनेक मजल्यांची दीपमाळ, सभामंडपात विलायती झुंबरे आणि भोवती कुळागरांची गर्द सावली. व्यापार, जमीनदारी आणि दरबारी नोकऱ्यांत मिळवलेला पैसा इथे देवापुढे ओतला गेला, आणि तो नुसता दगडा-चांदीत अडकून पडला नाही. चौघडा, पुराण, कीर्तन, सोमवारची पालखी, नवरात्रात देवाला मखरात बसवून आरतीच्या गजरात झुलवणे, जत्रेतली नाटके असे वर्षभराचे सांस्कृतिक जीवन त्यावर पोसले गेले. आज ज्याला कलासंस्था म्हणतात, त्या संस्थेची सगळी कामे इथले देऊळ करत होते.

या सगळ्यात गाणे होते ‘कलावंत’ समाजातल्या बायकांचे. पालखीपुढे आणि सभामंडपात गाणे-नाचणे ही त्यांची ठरलेली सेवा. तिच्या मोबदल्यात देवस्थानच्या जमिनीचा तुकडा किंवा वर्षासन. मुलगी वयात आली की तिचा ‘शेंस’ विधी व्हायचा. पुरुषवेष केलेली दुसरी मुलगी नवरदेव म्हणून उभी राहायची आणि हिचे लग्न लागायचे. त्यानंतर तिला संसार नाही, आश्रयदाता असे. तो बहुधा महाजन घराण्यातला किंवा पुजारी. मुलांना त्याचे नाव मिळत नसे. मंगेशीत 1900 मध्ये जन्मलेले दीनानाथ हे देवळात गाणाऱ्या येसूबाईंचे आणि तिथल्याच एका पुजाऱ्याचे पुत्र. आडनाव म्हणून त्यांनी गावाचे नाव लावले. त्याच देवळात पिढ्यान्‌पिढ्या अभिषेक करणाऱ्या घराण्यात 1929 मध्ये जितेंद्र अभिषेकी जन्मले. एका आडनावात गाव आहे, दुसऱ्यात हुद्दा. हुद्दा कोणाला होता आणि कोणाला नव्हता, हे एवढ्यावरूनच कळते.

हुद्द्यांची नोंद सरकारनेही करून ठेवली. 1886 मध्ये पोर्तुगीज सरकारने देवस्थानांच्या कारभाराचा कायदा केला, 1933 मध्ये तो नव्याने आला आणि गोवा मुक्त झाल्यावरही टिकला. त्याप्रमाणे देवस्थानचा मालक महाजनवर्ग, बाकीचे सेवेकरी. मीमांसेतले यजमान आणि ऋत्विज जणू थेट सरकारी वहीत उतरले.

आणि इथेच तो जुना निकाल अडखळतो. ऋत्विजाचे फळ यजमानाला का जाते, तर ऋत्विज करार करून आलेला असतो. त्याला वरले जाते आणि तो होकार देतो. शेंस झालेल्या मुलीला होकार कोणी विचारला होता? करारच नसेल तर फळाची मालकी कशी बदलणार? म्हणजे मीमांसेच्याच तर्काने गाण्याच्या पुण्यावर महाजनांचा दावा टिकत नाही. त्यासाठी भक्तिमार्गाची साक्ष काढायची गरजही पडत नाही. ती काढायची झालीच तर मंगळवेढ्याच्या गणिकेची मुलगी कान्होपात्रा आहे. पंढरपुरात विठ्ठलाच्या देवळाच्या आवारात तिचे स्थान आहे, आणि ते तिला कोणा यजमानाने मिळवून दिलेले नाही.

विसाव्या शतकाच्या आरंभी कलावंत समाजाने हा हिशेब स्वतःच फेटाळला. राजाराम पैंगीणकरांसारखे सुधारक उभे राहिले, शेंस बंद पाडण्याची चळवळ झाली, ‘गोमंतक मराठा समाज’ हे नवे नाव आले. पैंगीणकरांच्या आत्मचरित्राचे नाव ‘मी कोण?’ वेदान्त्यांचा हा आवडता प्रश्न, पण इथे तो बापाचे नाव नाकारले गेलेल्या माणसाने विचारला आहे. याच समाजातले दयानंद बांदोडकर खाणमालक झाले आणि डिसेंबर 1963 मध्ये गोव्याचे पहिले मुख्यमंत्री. सेवेकऱ्यांच्या घरातला माणूस सगळ्या गोव्याचा यजमान झाला, असेही म्हणता येईल.

गाणे मात्र देवळातून निघून मुंबईला गेले. केरीच्या केसरबाई 1921 पासून अल्लादियाखाँसाहेबांकडे शिकल्या. कुर्डीच्या मोगूबाईंचे गुरूही तेच. तिथेही आश्रय शेठमंडळींचाच होता, पण दार आतून लावायची सोय आता गाणारीच्या हाती आली होती, आणि केसरबाईंनी ती सोय मनसोक्त वापरली. त्यांची भैरवी 1977 मध्ये व्हॉयेजर यानांवरच्या तबकडीत बसून अवकाशात गेली. त्या सेवेचे यजमानपद नासाकडे जाते का, हे एखाद्या मीमांसकाने सांगावे.

फळ यजमानाचे, या नियमाला मीमांसेत एक अपवादही आहे आणि तो फारसा सांगितला जात नाही. ‘सत्र’ नावाच्या दीर्घ यज्ञात निदान सतरा जण एकत्र बसतात. ऋत्विज तेच, यजमानही तेच. दक्षिणा नसते आणि फळ सगळ्यांना. याच्या जवळ जाणारी गोष्ट गोव्यात आहे, पण फोंड्याच्या देवळांत नव्हे, वास्कोच्या बाजारपेठेत. प्लेगच्या काळात, 1898 च्या सुमारास तिथे दामोदराचा भजनी सप्ताह सुरू झाला. नाव सप्ताह, पण अखंड भजन चालते एक दिवस-रात्र. पाळ्या लावून गावचीच माणसे गातात, निरनिराळे व्यवसाय करणारे समाज आपापले ‘पार’, म्हणजे मिरवणुका, वाजतगाजत आणतात. खर्च बाजाराचा, गळा बाजाराचा. सप्ताहानिमित्त नामवंत गवयांच्या बैठकीही होतात. ते बाहेरून बोलावलेले असतात, म्हणजे नियमाने ऋत्विजच. पण पहाटे भैरवी रंगली आणि समोर बसलेला दुकानदार टाळ घेऊन मागे गाऊ लागला, तर ते सत्र धरायचे की नाही, यासाठी जैमिनींना एक नवे अधिकरण लिहावे लागेल.