तीन पेल्यांचा शिष्टाचार

चीनमधील ग्वांगदोंग प्रांताच्या पूर्व टोकाशी असलेल्या चाओचौ शहरात पाहुणा घरी आला, की मुठीत मावेल एवढ्या चहादाणीत ऊलोंग चहाची पाने जवळजवळ काठोकाठ भरून त्यांवर उकळते पाणी सोडतात, आणि तीन चिमुकले पेले कडेला कड लावून मांडून त्यांवरून चहादाणी गोल फिरवीत थोडाथोडा चहा ओततात. हेतू हा, की एकाच्या वाट्याला पाणचट व दुसऱ्याच्या वाट्याला कडक, असा भेदभाव घडू नये. मंडळी चार असोत वा पाच, पेले बहुधा तीनच. मग कोणीतरी आपली पाळी येईपर्यंत थांबतो आणि ‘आधी आपण घ्या’ असा आग्रह सुरू होतो. या विधीचे सारे मर्म मला त्या आग्रहात दिसते.

हाच विधी मोठ्या शहरांतील दुकानांतून गिऱ्हाइकापुढे मांडला जातो आणि तो सहस्रावधी वर्षांचा म्हणून सांगितला जातो, तेव्हा मात्र इतिहासाचे दप्तर उघडणे भाग पडते. आठव्या शतकात लू यू याने चहावर ग्रंथ रचला, त्या काळी दाबून वाळविलेल्या वड्या कुटून त्यांची पूड चिमूटभर मीठ घालून उकळीत असत. सुट्या पानांना प्रतिष्ठा आली ती १३९१ साली मिंग सम्राटाने वड्यांचा नजराणा बंद करण्याचा हुकूम काढल्यानंतर. आणि या दुकानांतून केवळ वास घेण्याकरिता ठेवला जाणारा उंच, अरुंद पेला तर गेल्या काही दशकांत तैवानातून आला. विधी अर्वाचीन आहे म्हणून मी त्यास कमी लेखीत नाही. दोष आहे तो प्राचीनतेचा खोटा दाखला जोडून मालाची किंमत चढविण्यात.

युन्नानमधील पू-अर चहा जितका जुना तितका मौल्यवान, या समजुतीवर एवढा सट्टा माजला, की २००७ मध्ये भाव कोसळताच माल साठवून बसलेले कित्येक जण बुडाले. वूयी पर्वतातील कड्यावरच्या ‘दा होंग पाव’च्या मूळ झाडांचा वीस ग्रॅम चहा २००२ साली लिलावात एक लक्ष ऐंशी हजार युआनांस गेला, त्या झाडांची पाने खुडणे २००६ पासून बंद आहे, आणि त्या नावाने आज विकला जातो तो कलमांचा किंवा मिश्रणाचा चहा. तो उत्तम असू शकतो. परंतु त्याची परीक्षा जिभेने व्हावी, आख्यायिकेने नव्हे.

वाचकहो, कधी असा चहा हाती आला, तर डब्यावरील मजकूर क्षणभर बाजूला ठेवा, पाने पाण्यात सोडा, वास घ्या, आणि पहिला पेला शेजारी बसलेल्याकडे सरकवा.