नकळत दिलेले औषध

'रुग्णाच्या नकळत दारू सोडवा' अशा आशयाची जाहिरात आपण सर्वांनी कधी ना कधी वाचलेली असते. एखाद्याच्या हितासाठीच, पण त्याला न सांगता औषध देणे नीतीला धरून आहे काय, हा प्रश्न तिच्यापाशी उभा राहतो.

1948 साली डेन्मार्कमधील हाल्ड आणि याकोबसेन यांनी डायसल्फिराम या औषधाचा मद्याशी असलेला विरोध प्रसिद्ध केला. शरीरात मद्यापासून ॲसिटाल्डिहाइड हे विषारी द्रव्य बनते व पुढे त्याचे ॲसेटिक आम्ल होते. ही पुढची पायरी डायसल्फिराम अडवते. गोळी घेतलेला मनुष्य प्यायला तर चेहरा लाल होतो, छाती धडधडते, ओकाऱ्या होतात. क्वचित प्राणही जातो. म्हणून रुग्णाला पूर्ण कल्पना देऊन, त्याच्या संमतीनेच ती द्यावी, असा वैद्यकाचा दंडक आहे.

तरीही वरणात गोळी कालवणाऱ्या गृहिणीला दोष देताना जीभ अडखळते. ज्याची इच्छाशक्तीच दारूने हिरावली, त्याची संमती कसली मागायची, हा तिचा युक्तिवाद पोकळ नाही.

त्याचे उत्तर बाह्यरुग्ण उपचारांच्या स्वरूपातच आहे. झटके किंवा भ्रम होण्याचा धोका असलेल्याला रुग्णालयातच ठेवावे लागते; परंतु इतर अनेकांवर घरी राहूनही उपचार होतात. समुपदेशन संपले की मनुष्य त्याच रस्त्याने, त्याच गुत्त्यावरून घरी जातो. तेथे पहारा कोणाचाच नसतो. असते ती त्याची स्वतःची संमती, आणि ती रोज नव्याने द्यावी लागते. पुष्कळदा डॉक्टर पत्नीलाच सांगतात, की सकाळी गोळी तुम्ही हातावर ठेवा, त्यांनी ती तुमच्यासमोर घ्यावी. गोळी तीच, हातही तोच. पण वरणातली गोळी ही फसवणूक असते आणि हातावरची हा करार.

1919 साली बडोद्यात प्रथम रंगभूमीवर आलेल्या गडकऱ्यांच्या 'एकच प्याला'मधील सुधाकर दारू सोडण्याची शपथ घेतो, आणि ती मोडते. शपथ साऱ्या आयुष्याचे बळ एकदम मागते. गोळी फक्त आजच्या सकाळचे. सकाळी शुद्धीवर असलेला माणूस संध्याकाळच्या दुबळ्या माणसाला आधीच बांधून ठेवतो. हे बंधन त्याने स्वतः घातलेले असते, म्हणून ते त्याच्या स्वातंत्र्याचेच रूप होय. चोरून दिलेली गोळी त्याला आजारी पाडील, शहाणे करणार नाही; आणि उघडकीस आली तर घरातला उरलासुरला विश्वासही घेऊन जाईल.

आपल्या प्रतिष्ठित घरांनी आणखी एक विचार करावा. गोळी लपवावी लागते, कारण बहुधा त्याआधी व्यसन लपवलेले असते. लोक काय म्हणतील या धाकाने पहिली चोरी आपण करतो; दुसरी त्या गृहिणीच्या वाट्याला येते.