गेलेल्याची जागा

घरातील एखादे मूल देवाघरी गेले म्हणजे मंडळीतील लोक आईबापांच्या सांत्वनासाठी धावत येतात. बायका आईला धरून बसतात, पुरुष ओटीवर बापाजवळ बसतात, पाळक व उपदेशक प्रार्थना करितात. हे सर्व योग्यच आहे. परंतु त्याच घरात दाराआड आणखी एक जीव उभा असतो. तो मृताचा भाऊ किंवा बहीण होय. त्याच्याकडे कोणाचे लक्ष गेलेच, तर त्याच्या पाठीवर हात ठेवून म्हणतात, “बाळ, आता तूच ह्यांचा आधार. त्याची जागा तूच भरून काढ.” हे वाक्य मीही पुष्कळ घरी उच्चारले आहे. ते प्रेमाचे आहे ह्यात संशय नाही. पण ते खरे आहे काय? आणि ते ओझे मुलाच्या खांद्यावर ठेवण्याचा आपणांस अधिकार आहे काय? ह्या प्रश्नाचा विचार आज वाचकांबरोबर करावयाचा आहे.

स्कॉटलंड देशात किरीम्यूर नावाच्या विणकरांच्या गावी १८६० साली जेम्स बॅरी ह्याचा जन्म झाला. बाप हातमागावर विणकाम करी. दहा भावंडांत हा नववा. त्याचा वडील भाऊ डेव्हिड हा आईचा विशेष लाडका होता. १८६७ च्या जानेवारी महिन्यात, चौदावा वाढदिवस उद्यावर आला असता, बर्फावर खेळताना पडून डोक्यास मार लागल्याने डेव्हिड मरण पावला. आईने अंथरूण धरले. तेव्हा जेम्स सहा वर्षांचा होता. पुढे त्याने आईच्या चरित्रात लिहून ठेवले आहे की, तो अंधाऱ्या खोलीत आईजवळ गेला, तेव्हा तिची हाक आपल्याला नसून मेलेल्या भावाला आहे असे त्यास वाटले. आणि आपण तो नव्हे, असे त्यास तिला सांगावे लागले. मग त्या मुलाने काय केले? त्याने भावाची शीळ घालण्याची ढब इतरांकडून शिकून घेतली, भावाचे कपडे अंगावर चढविले, आणि तो आईपुढे भावासारखा उभा राहिला.

वाचकहो, सहा वर्षांच्या मुलाने केलेला हा प्रेमाचा यत्न पाहून कोणाचे अंतःकरण द्रवणार नाही? परंतु त्याचा शेवट काय झाला? डेव्हिड काही परत आला नाही. मेलेला मुलगा आता सदैव मूलच राहणार, अशी आई आपल्या मनाची समजूत घालीत असे. इकडे जेम्स वाढत होता. तेराव्या वर्षी तो डम्फ्रीस गावच्या शाळेत गेला. १८७४ च्या मे महिन्यात त्यास चौदा वर्षे पूर्ण झाली. म्हणजे जो थोरला होता, तो आता धाकटा झाला. त्याच शाळेच्या दिवसांत एका बागेत सोबत्यांबरोबर तो चाच्यांचे खेळ खेळे, आणि त्या खेळांतूनच आपले नाटक उगवले असे त्याने पुढे सांगितले. ते नाटक १९०४ साली लंडनमध्ये झाले. कधीच मोठा न होणाऱ्या मुलाची ती गोष्ट आहे. मुलाचे नाव पीटर पॅन. सारे जग ते नाटक पाहून हसले. पण ज्याने ते लिहिले त्याच्या घरी एक मुलगा खरोखरच कधी मोठा झाला नव्हता, हे ज्यांस ठाऊक आहे, त्यांच्या हसण्यात थोडे पाणी मिसळते.

आपल्याकडेही ह्याचे रूप दिसते. मुले वाचत नाहीत म्हणून पुढील मुलाचे नाव धोंडू किंवा दगडू ठेवण्याची चाल आपल्या वाडवडिलांत होती. ते नाव आयुष्यभर त्या माणसास सांगत असे की, तुझ्या आधी कोणी गेले. शास्त्रातही याकोबाचे उदाहरण आहे. योसेफ मेला असे समजून त्याने बन्यामिनास उराशी धरिले, आणि दुष्काळात इतर भावांस मिसर देशी धान्यास पाठविले तरी त्यास पाठविले नाही. बापाचा जीव त्या मुलाच्या जिवाशी जखडलेला होता. बन्यामिनास काय वाटत होते, हे मात्र कोणी विचारल्याचे लिहिलेले नाही.

माझी स्वतःची एक चूक सांगतो. एका गावी एक तरुण विहिरीत बुडून मेला. भजनात ढोलकी तोच वाजवी. पुढच्या महिन्यात आम्ही त्याच्या पंधरा वर्षांच्या भावास ढोलकीवर बसविले. आई पदराने डोळे पुशी, आणि आम्हां सर्वांस वाटे, किती चांगले झाले! वर्षभराने तो मुलगा मजकडे येऊन म्हणाला, “पाळकसाहेब, मला ढोलकी नको. मी वाजवायला बसलो की आई माझ्याकडे पाहत नाही, दादाकडे पाहते.” मी निरुत्तर झालो. त्याचे मन शेळ्यांत होते. आजारी करडू कसे जगवावे हे त्यास गावात सर्वांहून अधिक कळे, आणि हे मी वर्षभरात एकदाही त्यास विचारले नव्हते.

कोणी म्हणेल, तर मग धाकट्यावर काहीच कर्तव्य नाही काय? बाप म्हातारा झाला, नांगर कोण धरील? हा प्रश्न रास्त आहे. गेलेल्याचे काम मागे राहिलेल्याच्या वाट्यास येते, व ते त्याने आनंदाने उचलावे. परंतु काम वाट्यास येते, माणूस वाट्यास येत नाही. दादाचा नांगर धरावा. दादा होऊ नये. जेम्सने धर्मोपदेशकासारखा एखादा पेशा पत्करावा अशी त्याच्या घरच्यांची इच्छा होती. सर्वांत थोरल्या भावाच्या सल्ल्याने तडजोड झाली, आणि तो एडिंबरो येथे साहित्य शिकला. मी स्वतः पाळक असूनही म्हणतो, त्या भावाने योग्य केले.

आता उपदेशक बंधूंस दोन शब्द. लाजर मेला तेव्हा मार्था व मरीया ह्या दोघी बहिणी प्रभूस भेटल्या. दोघींचे गाऱ्हाणे एकच होते. तरी एकीशी तो बोलला, आणि दुसरीचे रडणे पाहून तो स्वतः रडला. भावंडांचे दुःख एक असले तरी सांत्वन ज्याचे त्यास निराळे द्यावे लागते. म्हणून दुःखाच्या घरी जाल तेव्हा त्या मुलाजवळही बसा, आणि त्यास त्याच्याच नावाने हाक मारा. भाऊ कसा मेला हे त्यास खरे सांगा. गावाला गेला असे सांगू नका. आदल्या दिवशी भांडण झाले म्हणून भाऊ मेला, असे पुष्कळ मुलांच्या मनात असते, व ती ते कोणास सांगत नाहीत. तसे नाही, हे त्यांस विचारण्याची वाट न पाहता स्पष्ट सांगा. गेलेल्याचे नाव घरात घेतले जावे. पण त्याच्याशी तुलना करू नये, कारण मेलेला मुलगा पुन्हा चुकत नाही, आणि जिवंत मुलगा रोज चुकतो.

आणि ज्या मुलामुलींनी हे दुःख पाहिले आहे, त्यांस सांगतो. एके दिवशी तू गेलेल्या भावाहून वयाने मोठा होशील. त्या दिवशी तुला भय वाटेल, जणू तू त्याचे काही चोरले आहेस. भिऊ नकोस. तुझी वर्षे त्याच्या हिश्श्यातील नाहीत. ती तुझीच आहेत. तू हसलास म्हणजे त्यास विसरलास असे होत नाही.

त्या मुलाच्या आईशी मी बोललो. ती पुष्कळ वेळ गप्प होती. मग तिने लेकाकडे पाहिले आणि विचारले, “तांबडीचं करडू उठलं का रे?” मुलगा म्हणाला, “उठलं, आई. सकाळी दूध प्यायलं.” ढोलकी आता तिसऱ्याच एका घरचा मुलगा वाजवितो. गेलेल्याची जागा रिकामीच आहे, आणि ती तशीच असावी.