कान्होबाचा वाटा

ऐहिक महत्त्वाकांक्षा आणि आध्यात्मिक समाधान यांचा समतोल साधावा, हा उपदेश अलीकडे उठताबसता ऐकू येतो. तो दोन दिशांनी येतो. पहिली दिशा प्रेरणादायी पुस्तकांची. पाउलो कोएलो यांची १९८८ची कादंबरी ‘द अल्केमिस्ट’ हे त्यांतले ठळक नाव: मेंढपाळ पोरगा आपल्या नियतीच्या शोधात वाळवंट ओलांडतो आणि अखेरीस त्याला आत्मज्ञानही मिळते, सोन्याची पेटीही. दुसरी दिशा मोठ्या कंपन्यांच्या माडीवरची. नारायण मूर्तींनी २०२३मध्ये तरुणांना आठवड्याला ७० तास काम करायला सांगितले. जानेवारी २०२५मध्ये लार्सन अँड टुब्रोचे अध्यक्ष सुब्रह्मण्यन यांच्या ९० तासांच्या वक्तव्यावरून गदारोळ झाला. एक बाजू म्हणते, मन मारू नका. दुसरी म्हणते, रविवार मारा. दोघांचा श्रोता मात्र एकच आहे: सुटा, एकटा, घरदार नसल्यासारखा माणूस.

असा माणूस नागपूर जिल्ह्यातल्या कळमेश्वर तालुक्यात शोधून सापडणे कठीण. तालुक्याच्या गावाला रेल्वे आहे, एमआयडीसी आहे, पोलादी पत्र्यांवर लेप चढवणारे कारखाने आहेत आणि चहूकडे कापूस व संत्रा आहे. याच तालुक्यात धापेवाडा आहे, विदर्भाची पंढरी. पाळी, बाग आणि विठ्ठल एकाच घरात नांदतात, आणि कोणाला काय कधी द्यायचे हे तिथे तराजूने ठरत नाही.

कसे ठरते, हे संत्र्याच्या बागेत दिसते. झाडाला आंबिया आणि मृग असे दोन प्रमुख बहार येतात. आंबिया धरायचा तर डिसेंबरात पाणी तोडून बागेला ताण द्यायचा, पाने मलूल झाली की जानेवारीत पाणी सोडून ताण फोडायचा, मग फुलोरा. मृग धरायचा तर हाच ताण ऐन उन्हाळ्यात. दोन्ही बहार एकाच झाडावर घेतले की झाड खचते. हे कोणा बागाईतदाराला शिकवावे लागत नाही. तरी भाव चढला की हाव सुटतेच. समतोलवाद्यांची गत या हावऱ्यासारखी आहे. त्यांना वर्षभर दोन्ही बहार हवे असतात आणि ताण कोणताच नको असतो.

म्हणजे एक निवडावे, दुसरे सोडावे, असा निष्कर्ष निघतो, आणि त्याच्या समर्थनाला तुकोबा हाताशी असतातच. दुष्काळात दुकान बुडाले, दिवाळे निघाले, पहिली पत्नी अन्नावाचून गेली; पुढे या वाण्याने कर्जखतेच इंद्रायणीत बुडवली. कीर्तनकार इथे टाळ्या घेतो आणि पुढे सरकतो. पण महिपतींनी सांगितलेली चरित्रकथा नीट ऐकली तर हा निष्कर्ष डळमळतो.

देहूच्या त्या घरात भाऊ तीन होते. थोरल्या सावजीला वडील बोल्होबांनी व्यवहार सोपवायचे ठरवले, तेव्हा त्याने नकार दिला. पुढे बायको वारल्यावर तो तीर्थयात्रेला निघून गेला. त्या नकारामुळे दुकान आणि सावकारी तेरा-चौदा वर्षांच्या मधल्या भावावर, तुकोबांवर, पडली. धाकटा कान्होबा. तुकोबांनी खते बुडवायचे ठरवले तेव्हा त्यांचे दोन वाटे केले. अर्धी खते कान्होबाला दिली आणि बुडवली ती फक्त स्वतःच्या वाट्याची.

या अर्ध्या वाट्यावर मराठीत पुरेसे कोणी थांबत नाही. वाटणी व्यवहारी माणसाला शोभेल अशी चोख होती. आपल्या विरक्तीचा खर्च भावाच्या पानातून वळता होऊ नये, एवढी दक्षता तीत आहे. शिवाय ऋणकोंची निम्मी सुटका झाली आणि निम्मी वसुली चालू राहिली. ज्याचे खत कान्होबाच्या गठ्ठ्यात गेले, त्या कुळाच्या दृष्टीने इंद्रायणीकाठी काहीच घडले नव्हते. कान्होबा अरसिक दुकानदार होता, असेही म्हणता येत नाही. तुकोबांच्या प्रयाणानंतर त्याने रचलेले शोकाचे अभंग गाथेत छापलेले असतात. त्यांत भावाशी आणि देवाशीही सरळ भांडण आहे. विरक्ताच्या घरी मागे राहिलेल्याने काय सोसले, याची त्याच्याच तोंडची साक्ष इतकी जवळून क्वचित मिळते.

तुकोबांची दुसरी पत्नी जिजाई हिची गोष्ट आणखी अवघड. नवऱ्याला व्यापाराला धाडण्यासाठी तिने स्वतःच्या नावावर दोनशे रुपयांचे कर्ज काढले. त्याने मिठाचा व्यापार करून अडीचशे केले आणि वाटेत भेटलेल्या एका कर्जपीडिताला देऊन टाकले. खते बुडवताना सोडलेले येणे त्याचे स्वतःचे होते; इथे उरलेले देणे तिचे होते. परंपरेने तिला कजाग ठरवून हा हिशेब मिटवला. ‘द अल्केमिस्ट’मधली नायकाची प्रेयसी फातिमाही मरूद्यानात वाट पाहत बसते, आणि तिच्या नियतीचा शोध घ्यावा असे कोणाला वाटत नाही.

तेव्हा ‘निवड करा’ हे उत्तरही ‘समतोल साधा’ इतकेच अपुरे ठरते. निवड एकाची असते, तिचा ताण घरभर वाटला जातो.

यावर टिळकांच्या अनुयायांचा आक्षेप ठरलेला आहे. मंडालेच्या तुरुंगात लिहिलेल्या आणि १९१५मध्ये प्रसिद्ध झालेल्या ‘गीतारहस्या’ने संन्यास आणि कर्म यांचे भांडण निष्काम कर्मयोगाने मिटवले आहे, मग सोडण्याधरण्याचा प्रश्न कुठे उरतो? तो उरतो. फळाची आसक्ती सुटली तरी दिवसाचे तास वाढत नाहीत. मन निष्काम झाले म्हणून बागेला पाणी देणारा माणूस मिळत नाही.

वर्ध्याच्या जमनालाल बजाजांचे उदाहरण अधिक वजनदार आहे. लक्ष्मीनारायण मंदिर १९२८मध्ये त्यांनी अस्पृश्य मानलेल्यांना खुले केले, व्यापार सांभाळून गांधीजींना वर्ध्यात आणले आणि अखेरीस गोसेवेला वाहून घेतले. समतोल म्हणावा तर हाच. मात्र त्यामागे पेढी चालवणारे इतर हात होते, आणि दागिने व पडदा सोडणाऱ्या जानकीदेवी होत्या. पतीच्या मृत्यूनंतर, १९४२पासून, गोसेवेचे काम त्यांनी पुढे नेले. जिजाईला न मिळालेला वाटा त्यांना मिळाला.

धापेवाड्याकडे या नजरेने पाहिले तर तिथली यात्रा भक्तीबरोबर व्यवस्थेचीही गोष्ट ठरते. कळमेश्वरहून पंढरपूर सहाशे किलोमीटरांहून लांब, आणि आषाढ म्हणजे कपाशी-सोयाबीनच्या पेरणी-डवरणीची घाई. शेगावच्या पालखीबरोबर महिनाभर चालायला घरात एखादा कान्होबा लागतो. ज्याला तो नाही त्याच्यासाठी कोलबास्वामींच्या नावाशी जोडलेले हे विठ्ठल मंदिर आहे, आणि त्याच्या शेजारच्या नदीलाही चंद्रभागाच म्हणतात. सकाळी जाऊन सांजेला गोठ्यात परतता येते. पंढरीच गावाजवळ आणणे हा विदर्भाने काढलेला तोडगा आहे, आणि तो तत्त्वज्ञांच्या तोडग्यांपेक्षा सरस आहे.

कारखान्यातल्या कामगाराला मात्र तेवढ्यानेही भागत नाही. धापेवाड्याला जायचे तर कोणीतरी त्याची पाळी धरावी लागते, किंवा साप्ताहिक सुटी पक्की असावी लागते. १९४८च्या कारखाना कायद्याने आठवड्याची मर्यादा ४८ तास घातली आणि सुटीचा दिवस बांधून दिला. ९० तास सहा दिवसांत बसवले तर रोजचे पंधरा होतात. त्यातून जाणे-येणे आणि झोप वजा केली, की विठ्ठलाला काही उरत नाही, लेकराबाळांनाही नाही. ज्याच्या घरी कान्होबा नाही त्याचा वाटा कायद्याने उचलायचा असतो. कंत्राटी कामगाराच्या बाबतीत तो कागदावर उचलला जातो, आणि यात्रेच्या दिवशी मुकादम हजेरी घेतोच.